आष्टीची बातमी आणि एक मायक्रोफोन
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी आत्ता ज्याच्यासमोर बसलो आहे, त्या मायक्रोफोनला माझ्या बोलण्यातलं काहीही कळत नाही. माझ्या आवाजानं हवा हलते, तिच्यामुळे आतला पातळ पडदा थरथरतो, पडद्याला जोडलेलं तारेचं वेटोळं चुंबकाजवळ हलतं आणि तारेत वीज उमटते. बस्स, एवढंच त्याचं काम. तुमच्या रेडिओच्या स्पीकरमध्ये नेमकं उलट घडतं. विजेनं वेटोळं हलतं, वेटोळ्यानं पडदा, आणि पडद्यानं हवा. एका रूपातली ऊर्जा दुसऱ्या रूपात नेणाऱ्या अशा साधनांना ट्रान्सड्यूसर म्हणतात. नाव अवघड, पण वस्तू घरोघरी.

माझं गाव वर्धा जिल्ह्यातलं आर्वी. आष्टी आज वेगळा तालुका आहे, पण 1942 साली तो भाग आर्वी तहसिलीतच होता. त्या वर्षी 16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले. गोळीबार झाला, सत्याग्रही हुतात्मे झाले, पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात चिमूरलाही उठाव झाला. मग सुरू झाली दडपशाही. आमची आजी आष्टीचा विषय निघाला की पुढे कित्येक वर्षं आवाज खाली करायची, दार लोटून घ्यायची. मला लहानपणी त्याचं हसू यायचं. आता येत नाही.

कारण ही बातमी छापायची सोयच नव्हती. वर्तमानपत्रांवर निर्बंध होते आणि सरकारी रेडिओ सरकारचाच. अशा वेळी ऑगस्टच्या अखेरीस मुंबईत एक गुप्त केंद्र सुरू झालं, काँग्रेस रेडिओ. 42.34 मीटरवर बोलणारी मुलगी होती उषा मेहता, वय अवघं बावीस. बरोबर बाबूभाई खाकर, विठ्ठलदास आणि चंद्रकांत झवेरी. मार्गदर्शन राममनोहर लोहियांचं. आपलं ठिकाण ते फक्त 'हिंदुस्थानात कुठेतरी' असं सांगत. आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची हकिगत आम्ही सविस्तर सांगितली, असं उषाबेनांनी पुढे आवर्जून नोंदवलं आहे. आमच्या तहसिलीत जे दार लोटून बोललं जात होतं, त्याची मुंबईच्या एका खोलीत वीज झाली, विजेच्या लहरी झाल्या आणि कुणाच्या तरी घरातल्या स्पीकरमधून त्याचा पुन्हा आवाज झाला.

यंत्रसामग्रीच्या बाबतीत नाव येतं शिकागो रेडिओच्या नानक मोटवाने यांचं. नावात शिकागो असलं तरी कंपनी मुंबईची. गांधीजींच्या सभांची जुनी छायाचित्रं पाहा, समोरच्या मायक्रोफोनवर हे नाव वाचायला मिळतं.

पण ज्या लहरी आवाज नेतात, त्या पत्ताही सांगतात. लहरी कोणत्या दिशेनं येतात हे मोजणारी यंत्रं घेऊन पोलीस मागावर होते, म्हणून केंद्र सारखं जागा बदलत होतं. अखेर घात केला तो एका तंत्रज्ञानं. 12 नोव्हेंबर 1942 ला गिरगावातल्या जागेवर छापा पडला. 'वंदे मातरम्'ची तबकडी लावलेली होती (तबकडीवरची सुई जिला जोडलेली असते तो पिकअप म्हणजे तोही एक ट्रान्सड्यूसरच), आणि दारावर थापा पडल्या. उषाबेनांना चार वर्षांची शिक्षा झाली, मोटवाने सुटले.

पुढे बरोबर पाच वर्षांनी, 12 नोव्हेंबर 1947 ला, गांधीजी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात गेले. कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांना भेटायला जाणं जमलं नव्हतं, म्हणून ते त्यांच्याशी मायक्रोफोनवरून बोलले. दिवाळीचा दिवस होता. केंद्रात येऊन त्यांनी केलेलं ते एकच भाषण.