रविवारचा आनंद

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं देवळाचा, वेदीचा व घंटांचा इतिहास सांगण्याची रीत आहे, आणि ती योग्यच होय. परंतु मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारांत जमणाऱ्या तरुणांचाही एक इतिहास असतो. तो कोणी शिळेवर कोरीत नाहीं. अशाच एका मेळ्याचा वृत्तांत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

संत जॉन बॉस्को यांचा जन्म १८१५ सालीं इटलींतील पीमोंत प्रांतांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. दोन वर्षांचे होण्यापूर्वींच त्यांचें पितृछत्र हरपलें. पुढें किएरी येथें विद्यार्थिदशेंत असतांना त्यांनीं सोबत्यांची ‘आनंद मंडळी’ स्थापिली. तिचे नियम दोनच: ख्रिस्ती मनुष्यास न शोभणारें कांहीं बोलूं अगर करूं नये, आणि अभ्यासाचीं व धर्माचीं कर्तव्यें चोख बजावावीं.

१८४१ च्या जूनमध्यें त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्याच वर्षीं ८ डिसेंबर रोजीं, निष्कलंक मातेच्या सणादिवशीं, त्युरिन शहरांतील एका देवळाच्या साक्रिस्तींत ते मिस्सेची तयारी करीत होते. मिस्सेची सेवा करतां येत नाहीं, म्हणून देवळाच्या सेवकानें एका पोरक्या मुलास मारून हांकलून दिलें. त्याचें नांव बार्थोलोम्यु गारेल्ली; धंदा गवंडीकाम. डॉन बॉस्को यांनीं त्यास परत बोलाविलें, तो आपला मित्र आहे असें त्या सेवकास बजाविलें, आणि मिस्सा आटोपल्यावर मरियामातेची प्रार्थना म्हणून त्यास धर्मशिक्षणाचा पहिला धडा दिला.

पुढल्या रविवारीं तो सोबती घेऊन आला. गवंडी, पाथरवट, खेड्यांतून पोटासाठीं शहरांत आलेलीं हीं पोरें. सहा दिवस राबावें, आणि सातव्या दिवशीं रस्त्याखेरीज ठिकाण नाहीं. त्यांस येथें पापनिवेदन, मिस्सा व धर्मशिक्षण मिळे, आणि त्याबरोबरच खेळ, गाणीं व दूरवरच्या सहलीही!

परंतु या आनंदास जागा मिळेना. स्मशानाजवळचें देऊळ, गिरण्यांजवळील जागा, भाड्याच्या खोल्या, शेवटीं उघडें कुरण. जेथें जावें तेथून तक्रारींमुळें निघावें लागे. डॉन बॉस्को यांचें डोकें फिरलें, असें त्यांच्या स्नेही धर्मगुरूंसही वाटूं लागलें. १८४६ सालीं झावळ्यांच्या रविवारीं कुरणही सोडण्याची पाळी आली. मुलें खेळत असतां आपण एकीकडे जाऊन रडलों, असें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. त्याच दिवशीं पिनार्दी नांवाच्या गृहस्थाच्या छपराची वार्ता आली. छप्पर इतकें बुटकें कीं, आंतली जमीन खणून खोल करावी लागली. १२ एप्रिल रोजीं, पुनरुत्थानाच्या सणास, मुलें तेथें जमलीं.

त्याच उन्हाळ्यांत डॉन बॉस्को मरणोन्मुख झाले. तेव्हां ओझीं वाहणाऱ्या त्या पोरांनीं उपास आरंभिले, आळीपाळीनें मरियामातेपुढें प्रार्थना केल्या. ते बरे झाले. पुढें १८५४ सालीं त्युरिनमध्यें पटकीची सांथ आली, तेव्हां त्यांच्याच मुलांपैकीं कित्येक जण रोग्यांच्या सेवेस धांवले. खेळांत गमावलेला वेळ कोठें जातो, हें विचारणाऱ्यांस याहून निराळें उत्तर नको. १ एप्रिल १९३४ रोजीं, पुनरुत्थानाच्याच सणास, पोप अकरावे पायस यांनीं डॉन बॉस्को यांस संतपद दिलें. त्यांचे सालेसियन धर्मपुत्र १९२८ पासून मुंबईंत आहेत.

प्रिय धर्मग्रामस्थहो, प्रवचनाच्या तयारींत असतां आवारांतील गलक्यास त्रासून आम्हींही मुलांस घरीं धाडिलें आहे. हा वृत्तांत वाचतांना तें आम्हांस बोचतें. ज्यांनीं त्या पोरांस हांकलिलें तीं माणसें दुष्ट नव्हतीं. त्यांस शांतता प्रिय होती, इतकेंच. परंतु मुलांविना शांत झालेल्या देवळाचा पुढला महोत्सव साजरा कोण करणार? म्हणून वडीलधाऱ्यांनीं थोडा गोंगाट सोसावा, तरुणांनीं खेळाइतक्याच हौसेनें वेदीपाशीं यावें, आणि मिस्सा संपतांच आवाराचें फाटक लावण्याची घाई आम्हीं करूं नये. प्रभु आमच्या रविवारांस हा आनंद देवो!