नकाशा आणि भोगवटा : इमारतीच्या परवानगीचा इतिहास

इतिहासलेखनाची आपली जुनी परंपरा बखरींची. तीत राजे आहेत, स्वाऱ्या आहेत, तहनामे आहेत; नगर मात्र बहुधा लुटले जाते वा जळते तेवढ्यापुरतेच तीत येते. जळालेले नगर पुन्हा कसे उभे राहिले, त्याच्या भिंतीची जाडी कोणी ठरविली आणि ती ठरविण्याचा अधिकार त्यास कोठून मिळाला, हे बखरकार सांगत नाही. या प्रश्नांची उत्तरे नगरपालिकेच्या दप्तरात, नकाशांच्या भेंडोळ्यांत दडलेली असतात. ‘नकाशा पास झाला का?’ हा प्रश्न बाजारपेठेत आपण नित्य ऐकतो आणि तो कंटाळवाण्या कचेरीकामाचा आहे असे समजून सोडून देतो. परंतु त्या प्रश्नामागे सुमारे चार हजार वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्याचे पुष्कळसे पान मृतांच्या नावांनी भरलेले आहे. त्याचाच थोडा परामर्श घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम ही परवानगी म्हणजे काय, ते स्पष्ट करू. कोणी गृहस्थ आपल्या जागेवर दुकाने, कचेऱ्या वा नाट्यगृह बांधू इच्छितो. तो वास्तुविशारदाकडून नकाशे काढवून नगरपालिकेस सादर करतो. तेथे ते तपासले जातात. जागेच्या हद्दी मोजणीशी जुळतात काय. रस्त्यापासून व शेजाऱ्यापासून सोडावयाचे सामासिक अंतर पुरेसे आहे काय. चटई क्षेत्र मर्यादेत आहे काय. जिने किती, किती रुंद, आणि सर्वांत दूर बसलेल्या माणसास जिन्यापर्यंत किती चालावे लागेल. पाणी, मलनिःसारण, वाहनतळ यांची सोय कशी. अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला मिळाला काय, हे सर्व पाहिले जाते. मग बांधकाम सुरू करण्याचे प्रमाणपत्र, जोत्यापर्यंत काम आल्यावर जोत्याची तपासणी, आणि सर्व काम नकाशाप्रमाणे झाल्याची खात्री पटल्यावर भोगवटा प्रमाणपत्र, असा हा क्रम असतो. स्थळपरत्वे नावे बदलतात, तत्त्व एकच. इमारत उभी राहण्यापूर्वी ती कागदावर पाहावी आणि उभी राहिल्यावर कागदाशी ताडून पाहावी.

हे ‘पूर्वी पाहणे’ मानवजातीस सहजासहजी सुचलेले नाही. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या विधिसंहितेत, ख्रिस्तपूर्व अठराव्या शतकात, असा नियम आहे की, बांधलेले घर कोसळून घरधनी मेला तर बांधणाऱ्यास देहान्त शिक्षा द्यावी. घरधन्याचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलास द्यावी. नियम कठोर आहे, परंतु घर पडेपर्यंत तो मौन धरून बसतो. आपल्याकडे कौटिल्याने अर्थशास्त्रात एक पाऊल पुढे टाकले. शेजाऱ्यास उपद्रव होईल अशी मोरी वा खिडकी ठेवणाऱ्यास तो दंड सांगतो. नगराधिकाऱ्याच्या प्रकरणात अग्नीपासून रक्षण करण्याची तजवीज तर फार बारकाईने सांगितली आहे : घरोघरी पाण्याची भांडी, शिडी, कुऱ्हाड, आकडा अशी सामग्री सिद्ध ठेवावी, गवताची छपरे काढावीत, आगीवर उपजीविका करणाऱ्यांना एके ठिकाणी वसवावे. शिक्षेच्या जागी येथे सावधगिरी आली. परंतु बांधण्यापूर्वी योजना मागवून तपासण्याची व्यवस्था अद्याप दूर होती.

या व्यवस्थेच्या इतिहासातील मोठा टप्पा लंडनच्या राखेत आहे. १६६६ च्या २ सप्टेंबर रोजी पुडिंग लेन या गल्लीतील एका भटारखान्यात आग लागली. लाकडी घरांचे वरचे मजले रस्त्यावर इतके झुकलेले होते की ज्वाळांना गल्ली ओलांडण्यास आयास पडले नाहीत. सुमारे १३,२०० घरे आणि ८७ चर्चे भस्मसात झाली. पुढच्याच वर्षी, १६६७ मध्ये, पुनर्रचनेचा कायदा झाला. घरे वीट वा दगडाचीच हवीत. रस्त्याच्या मानाने घरांचे चार वर्ग पाडावेत. प्रत्येक वर्गाचे मजले व भिंतींची जाडी ठरलेली असावी. वरचे मजले रस्त्यावर पुढे येऊ नयेत, असे त्याने ठरविले. कायदा पाळला जातो की नाही हे पाहण्यास पाहणीदार नेमले गेले. त्यांतील एक रॉबर्ट हूक. सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पतींतील पेशी पाहून त्यांना नाव देणारा तो शास्त्रज्ञ जळक्या नगरात खुंट्या ठोकून पायांच्या रेषा आखून देत होता. एवढ्या विद्वानास हे काम हलके वाटले नाही, ही गोष्ट आमच्या मते लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. १८८८ च्या मुंबई नगरपालिका कायद्याने, बांधकाम करू इच्छिणाऱ्याने आयुक्तांस आधी सूचना दिली पाहिजे असे ठरविले. तीस दिवसांत आयुक्तांनी नापसंती कळविली नाही तर मालकाने काम सुरू करावे. कळविल्यास ज्या अटींवर काम करता येईल त्या सांगाव्यात, अशी त्याची रचना होती. यातूनच मुंबईत एक विलक्षण रूढी पडली. नकाशा मंजूर झाल्याचे सांगणारा कागद पिढ्यान्‌पिढ्या ‘नामंजुरीची सूचना’ या नावाने दिला गेला. तीत अटींची मोठी यादी असे, आणि अटी पुऱ्या केल्या की नामंजुरीचीच मंजुरी होई. परक्या माणसास हे कोडे वाटावे. परंतु ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार हाती ठेवूनच ‘होय’ म्हणणारी ही कायद्याची भाषा आहे.

कायदा होता, तरी त्यास धार आली ती १८९६ च्या प्लेगने. मांडवी भागातील रुग्णांवरून हा रोग प्लेग आहे असे निदान प्रथम केले ते गोव्यातील हडफडे गावी जन्मलेल्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. रोगाचा उगम कोंदट, काळोख्या चाळींत आहे अशी तेव्हाची समजूत होती. पिसवांचा संबंध पुढे सिद्ध झाला. त्या समजुतीतूनच १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याचे एक अध्यक्ष ऑर यांनी उजेड आणि हवा यांसाठी एका कोनाचा आग्रह धरला : साडेत्रेसष्ट अंशांचा. त्याचा अर्थ सोपा आहे. खोलीसमोरची मोकळी जागा समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी असावी, म्हणजे तळमजल्यावरच्या माणसासही आकाशाचा तुकडा दिसेल. भूमितीतील एका कोनाने गरिबाच्या खोलीत ऊन आणण्याचा हा प्रयत्न होता. वैद्यकीय उपपत्ती अपुरी असली तरी उजेडाची गरज खोटी नव्हती, म्हणूनच उपपत्ती मागे पडली आणि नियम उरला.

मुंबईबाहेरही हेच दिसते. हैदराबादेत १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीस महापूर आला आणि १९१२ मध्ये तेथे नगर सुधार मंडळ स्थापन झाले. बडोद्याच्या नगररचनेवर पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ मध्ये अहवाल लिहिला आणि १९१८ मध्ये इंदूर दरबारास दोन खंडांचा अहवाल दिला. सरसकट पाडापाडी त्यांना मान्य नव्हती; रुग्णाचा अवयव शक्य तो वाचवून शस्त्रक्रिया करावी, तसे जुन्या नगराशी वागावे, असे त्यांचे म्हणणे. इंदुरात प्लेगचे भय असताना त्यांनी दिवाळीत मोठी मिरवणूक काढविली आणि जे रस्ते लोकांनी सर्वांत स्वच्छ केले असतील त्यांवरून ती जाईल असे जाहीर केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. प्लेगच्या उंदराची प्रतिमाही त्या वेळी जाळण्यात आली. नियमास भयापेक्षा लोकांच्या अभिमानाचा आधार अधिक बळकट, हे गेडिस यांनी ओळखले होते.

येथवर घरांचा विचार झाला. व्यापारी इमारतीचा प्रश्न निराळा आहे, कारण तेथे माणूस परका असतो. आपल्या घरात मनुष्य काळोखातही दार शोधतो. नाट्यगृहात वा दुकानात आलेल्यास आपण शिरलो त्या दाराखेरीज दुसरे दार ठाऊक नसते. न्यूयॉर्क येथे १९११ च्या २५ मार्च रोजी ट्रँगल कंपनीच्या शिवणकारखान्यात आग लागली आणि १४६ कामकरी मृत्यू पावले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. कारखाना दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर होता. नवव्या मजल्यावरील एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. बाहेरचा लोखंडी जिना भाराने कोसळला. इमारत मात्र अग्निरोधक असल्याने उभी राहिली, आणि ती आजही उभी आहे. भिंती वाचल्या, माणसे गेली. या घटनेनंतर नियमांचा रोख बदलला. इमारत टिकते काय, याबरोबरच माणूस वेळेत बाहेर पडतो काय, हे विचारले जाऊ लागले. १९२७ मध्ये अमेरिकेत निर्गममार्गांची स्वतंत्र संहिताच प्रसिद्ध झाली. भारतात राष्ट्रीय बांधकाम संहिता १९७० मध्ये आली. १९८३, २००५ व २०१६ मध्ये ती सुधारली गेली. ती स्वतः शिफारशीच्या स्वरूपाची आहे. स्थानिक नियमांनी अंगीकारली म्हणजे तिला बंधनाचे बळ येते.

मग नियम असूनही माणसे का मरतात? याचे उत्तर दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाने दिले आहे. १३ जून १९९७ रोजी दुपारच्या खेळाच्या वेळी तळमजल्यावरील रोहित्राला आग लागली. धूर वर सज्जात शिरला आणि ५९ माणसे मरण पावली, ती मुख्यतः गुदमरून. चित्रपटगृह १९७३ मध्ये सुरू झाले होते. पुढे सज्जात जादा आसने बसविली गेली आणि एका बाजूची वाट त्यांनी बंद झाली. मूळ नकाशावर असलेली वाट इमारतीत उरली नव्हती. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली. १४ जण गेले. सुरतेत २४ मे २०१९ रोजी एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर शिकवणीस आलेले २२ विद्यार्थी दगावले. गिरणीची गच्ची उपाहारगृह होते, दुकानांच्या डोक्यावर शाळा भरते. इमारत आपला धर्म बदलते, कागद मात्र बदलत नाही. परवानगी एका दिवसाची असते, इमारतीचे आयुष्य पन्नास वर्षांचे. नकाशा तपासणाराची दृष्टी त्या पहिल्या दिवशीच थांबली, तर पुढचे सारे दैवावर जाते.

यावर एक आक्षेप आहे आणि तो आम्ही क्षुल्लक मानीत नाही. नियमांचे जाळे दाट झाले की विलंब वाढतो, विलंबातून लाच जन्मते, आणि ज्याच्याजवळ पैसा नाही तो विनापरवाना बांधतो. सुधार विश्वस्त मंडळानेही चाळी पाडल्या. हलविलेल्या सर्वांना नवी घरे मिळाली नाहीत, आणि उजेडाच्या कोनाची किंमत शेवटी भाड्यात उतरली. हे खरे आहे. परंतु यावरून नियम थोडके व स्वच्छ असावेत, आणि सवलत कोणास व का दिली हे सर्वांस वाचता यावे, एवढेच निष्पन्न होते. ज्या अटीमागचे कारण अधिकाऱ्यास सांगता येत नाही ती अट काढून टाकावी. ज्या अटीमागे प्रेते आहेत तिच्यात सूट देताना त्याचा हात थरथरला पाहिजे. जिन्याची रुंदी वाचताना त्यास धूर दिसला पाहिजे. ही कल्पनाशक्ती कवीलाच लागते असे नाही.

शेवटी एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. ‘नकाशा’ अरबीतून आला, ‘परवानगी’ फारसीतून. या व्यवहारातला शेवटचा शब्द मात्र आपल्या घरचा आहे : भोगवटा. जमिनीच्या दप्तरात तो जुना आहे; भोगवटादार म्हणजे जो प्रत्यक्ष कसतो, वापरतो तो. इमारतीच्या दप्तरात तो आला तेव्हा त्याचा अर्थ अधिक विस्तारला, असे आम्हांस वाटते. दुकानाचा भोगवटा मालकास मिळतो खरा; पण त्या जिन्याने चढणारे गिऱ्हाईक, त्या सज्जात बसणारा प्रेक्षक, वरच्या मजल्यावर शिकणारा मुलगा, हेही घटकाभराचे भोगवटादारच होत. त्यांनी नकाशा पाहिलेला नसतो, पाहण्याचे त्यांस कारणही नसते. तो दुसऱ्या कोणी त्यांच्याकरिता नीट पाहिला आहे, या विश्वासावर ते आत पाऊल टाकतात.