सम्राज्ञीच्या नावाची नागपुरी गिरणी

१ जानेवारी १८७७. दिल्लीत लॉर्ड लिटनने भरवलेल्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले. त्याच दिवशी नागपुरात जुम्मा तलावानजीक एक कापडगिरणी सुरू झाली. कंपनीचे कागदोपत्री नाव होते ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’. एवढे लांबलचक नाव बाजारात कोणाच्या तोंडी बसणार? जमशेटजी टाटांनी गिरणीला नाव दिले ‘एम्प्रेस’.

नावाच्या निवडीत जमशेटजी नवखे नव्हते. १८६९मध्ये चिंचपोकळीची बुडीत तेलगिरणी विकत घेऊन त्यांनी तिथे सूत काढायला सुरुवात केली, तेव्हा तिचे नाव ठेवले ‘अलेक्झांड्रा’. तत्कालीन युवराज्ञीचेच ते नाव. नागपुरात मात्र नावासोबत मुहूर्तही साधला. ज्या घोषणेचा गाजावाजा सरकार स्वतःच्या खर्चाने देशभर करत होते, त्यात गिरणीचे नाव आपोआप घुमले. दख्खनेत त्या वेळी दुष्काळाने माणसे मरत होती. तो दरबार आणि ते नाव त्या पार्श्वभूमीवर आज खटकते, हेही नोंदवायला हवे.

स्थळाची निवड मात्र निव्वळ हिशेबाची होती. मुंबईच्या गर्दीत आणखी एक गिरणी काढण्यापेक्षा वऱ्हाडाचा कापूस, वरोऱ्याचा कोळसा आणि १८६७मध्ये नागपूरला पोहोचलेली रेल्वे त्यांना मोलाची वाटली. दलदलीची जमीन भरून काढावी लागली. एका स्थानिक सावकाराने भांडवल देण्यास नकार दिला. जमिनीत सोने पुरण्याचा हा उद्योग आहे, असे त्याचे मत होते. पुढे त्यानेच कबूल केले, की टाटांनी जमिनीत माती घातली आणि सोने काढले.

पण नावाने कापड विकले जात नाही. फार तर पहिल्यांदा विकले जाते. मँचेस्टरच्या ठाणांवर देवादिकांची रंगीत चित्रे चिकटवलेली असत. अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक त्या छापावरून माल ओळखे, आणि सूत विरले तर तोच छाप पुढच्या वेळी टाळे. एम्प्रेसची सुरुवातीची यंत्रे हलक्या प्रतीची होती. अशा मालावर सम्राज्ञीचे नाव म्हणजे उघड थट्टाच ठरली असती. जमशेटजींनी यंत्रे बदलली. लँकेशायर अजून जुन्या म्यूल चात्यांना चिकटून होते, तेव्हा तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या जेम्स ब्रुक्सबी यांच्या साहाय्याने नागपुरात रिंग चात्यांचे प्रयोग झाले.

व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेच्या मालखात्यातून आले होते. कापडधंद्याचा अनुभव शून्य. कामगारांची गैरहजेरी ही त्यांची मोठी डोकेदुखी होती. दंडापेक्षा त्यांनी बक्षीस समारंभांवर भर दिला. १८८६मध्ये निवृत्तिवेतन निधी आला, १८९५मध्ये अपघात भरपाई. रोज कामावर येणारा हात मिळाला, की सुताची प्रत टिकते, हा त्यामागचा रोकडा विचार.

त्याच १८८६मध्ये जमशेटजींनी कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी गिरणी घेतली आणि तिला नाव दिले ‘स्वदेशी’. वंगभंगाची चळवळ अजून एकोणीस वर्षे दूर होती! ज्याने नऊ वर्षांपूर्वी राणीचे नाव मिरवले, त्यानेच हे नाव निवडावे, हा विरोधाभास अनेकांना बुचकळ्यात टाकतो. त्यात ढोंग पाहण्यापेक्षा काळाची चाहूल पाहणे अधिक योग्य. ही नवी गिरणी जवळजवळ बुडाली. तिची पत राहिली नाही, तेव्हा एम्प्रेसचे आपले काही समभाग विकून त्यांनी पैसा उभा केला. ‘स्वदेशी’ हे नाव असे सम्राज्ञीच्या पैशावर तगले.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी एम्प्रेस मिल बंद पडली. त्या जागेवर आज ‘एम्प्रेस सिटी’ नावाचा मॉल आहे.