शाईचा थेंब आणि खोक्यावरची किंमत

घरासाठी स्वस्तातला ऑल-इन-वन प्रिंटर बघायला गेलं, की खोक्यावर बऱ्याच गोष्टी लिहिलेल्या दिसतात. छापतो, स्कॅन करतो, कॉपी काढतो, वाय-फाय आहे, मिनिटाला इतकी पानं. त्याखाली किंमत, जी एखाद्या बऱ्या मिक्सरइतकी किंवा त्याहूनही कमी असते. केसापेक्षा बारीक छिद्रांतून सेकंदाला हजारो थेंब नेमक्या जागी टाकणारं यंत्र मिक्सरच्या भावात कसं मिळतं? कुठला प्रिंटर घ्यावा हे ठरवण्याआधी या प्रश्नाचं उत्तर शोधायला हवं, आणि ते खोक्यावर सापडत नाही. त्यासाठी या यंत्राचा इतिहास थोडा चाळावा लागतो.

थेंबाची गोष्ट

द्रवाची धार पुढे जाऊन थेंबांत तुटते, याचा पद्धतशीर अभ्यास फ्रान्समध्ये फेलिक्स साव्हार याने १८३३ मध्ये केला. ती का तुटते याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्ये मांडलं. पण उपयोग गणिताची वाट बघत थांबला नव्हता. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८६७ मध्येच ‘सायफन रेकॉर्डर’चं पेटंट घेतलं होतं. समुद्राखालच्या लांबलचक तारांतून येणारे क्षीण संकेत टिपण्यासाठी त्यांनी कागदाला न टेकणारी बारीक नळी वापरली. शाई विजेच्या भाराने कागदाकडे ओढली जाई. १८७० मध्ये मुंबई लंडनशी जोडली गेली ती अशाच समुद्री तारांनी.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा वैद्यकातला आहे. स्वीडनमधल्या रूने एल्मक्विस्ट यांना १९५१ मध्ये शाईच्या सूक्ष्म फवाऱ्याने आलेख काढणाऱ्या उपकरणाचं अमेरिकी पेटंट मिळालं. हृदयाचे ठोके कागदावर उतरवायला ते वापरलं गेलं. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये तयार केला तोही याच गृहस्थांनी. तारघर असो वा इस्पितळ, शाईला किती पैसे पडतात हा प्रश्न तिथे कोणाला पडत नव्हता.

गरम सुई आणि फेकून द्यायचं डोकं

घरातल्या प्रिंटरची कथा १९७७ मध्ये जपानमध्ये सुरू होते. कॅनन कंपनीच सांगते त्याप्रमाणे, प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला सोल्डरिंगची तापलेली कांडी चुकून लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. उष्णतेने बुडबुडा तयार होतो आणि तो शाईला बाहेर ढकलतो, हे इचिरो एन्दो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखलं. जवळपास त्याच सुमारास अमेरिकेत ह्युलेट-पॅकार्डमध्ये जॉन व्हॉट स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपाशी पोहोचले. कॉफीच्या पर्कोलेटरवरून ती सुचली, असं सांगितलं जातं.

कल्पना सोपी होती, पण व्यवहारात दोन अडचणी होत्या. बारीक छिद्रांत शाई वाळून बसायची, आणि सतत तापून-निवून तापक झिजायचा. एचपीने उपाय काढला तो असा: छिद्रं आणि तापक असलेलं ‘हेड’ शाईच्या डबीलाच जोडायचं आणि शाई संपली की डबीबरोबर तेही फेकून द्यायचं. १९८४ मध्ये ४९५ डॉलरला आलेला थिंकजेट या तत्त्वावर चालत होता. त्यात छिद्रं फक्त १२ होती, इंचाला ९६ ठिपके पडायचे आणि छपाई नीट यायला खास कागद लागायचा.

त्या काळी राज्य होतं ते डॉट मॅट्रिक्सचं. कर्कश आवाजाचा तो प्रिंटर आजही बँकेत पासबुक भरून देताना भेटतो. त्याची रिबन जुनी झाली की अक्षर फिकट व्हायचं, पण छपाई चालू राहायची. किती फिकट झाल्यावर रिबन बदलायची, हे वापरणारा ठरवत असे. इंकजेट आल्यावर हा निर्णय हळूहळू यंत्राकडे गेला.

१९८८ मध्ये एचपीचा डेस्कजेट आला. साध्या कागदावर इंचाला ३०० ठिपके आणि किंमत ९९५ डॉलर. एप्सनने मात्र वेगळी वाट धरली. वीज दिली की किंचित वाकणाऱ्या पीझो स्फटिकाने शाई ढकलायची, तापवायचं काहीच नाही. त्यामुळे हेड टिकाऊ झालं आणि ते यंत्रातच कायमचं बसलं. १९९४ चा स्टायलस कलर इंचाला ७२० ठिपके देत होता.

या दोन वाटा आजच्या स्वस्त प्रिंटरांतही दिसतात, आणि घरासाठी निवड करताना त्यांचा थेट उपयोग होतो. हेड यंत्रात असेल आणि महिनाभर न वापरल्याने ते तुंबलं, तर दुरुस्तीचा खर्च प्रिंटरच्या किमतीला भिडू शकतो. हेड कार्ट्रिजमध्ये असेल तर नवं कार्ट्रिज टाकलं की हेडही नवं होतं. क्वचित छापणाऱ्या घराला ही उधळपट्टीच सोयीची पडते.

पैसे नेमके कशाचे?

१९९४ मध्ये एचपीच्या ऑफिसजेटने प्रिंटर, फॅक्स आणि कॉपियर एका खोक्यात आणले. पुढे स्कॅनर आला, फॅक्स मागे पडला आणि किमती कोसळत गेल्या. नव्वदचं दशक सरता सरता शंभर डॉलरच्या आतले रंगीत प्रिंटर बाजारात होते. यंत्रं स्वस्तात बनू लागली हे खरं, पण त्याहून मोठं कारण म्हणजे नफ्याची जागाच बदलली. तो यंत्रातून शाईत गेला.

या पद्धतीला ‘रेझर-ब्लेड’चं उदाहरण नेहमी दिलं जातं: जिलेटने रेझर स्वस्त दिला आणि ब्लेडवर पैसा कमावला. प्रत्यक्षात १९०४ च्या पेटंटांची मुदत असेपर्यंत जिलेट रेझर पाच डॉलरला विकत होती, आणि ती रक्कम तेव्हा चांगलीच जड होती. रेझर स्वस्त झाला तो १९२१ मध्ये पेटंट संपल्यावर. यात एक अडचण उघड आहे. यंत्र स्वस्त द्यायचं, तर गिऱ्हाईक ब्लेड दुसऱ्याचं घेणार नाही याची हमी हवी.

प्रिंटर कंपन्यांनी ती हमी चिपने मिळवली. कार्ट्रिजवर छोटी चिप आली आणि ती ओळख पटवू लागली. लेक्समार्कने आपल्या लेझर प्रिंटरच्या टोनरसाठी अशी चिप वापरली, आणि तिची नक्कल करणाऱ्या स्टॅटिक कंट्रोल कंपनीला २००२ मध्ये कोर्टात खेचलं. २००४ मध्ये अपील न्यायालयाने लेक्समार्कला मिळालेला मनाई हुकूम उठवला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एका खटल्यात लेक्समार्कच्या विरोधात निकाल दिला. कार्ट्रिज एकदा विकलं की त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो, मग ते भरून पुन्हा विकणाऱ्याला पेटंटच्या जोरावर अडवता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. पण कायद्याने दार उघडलं तरी सॉफ्टवेअरची कडी उरतेच. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या अनेक प्रिंटरांनी इतर कंपन्यांची कार्ट्रिजं अचानक नाकारली. आधीच पाठवून ठेवलेल्या फर्मवेअरचा तो परिणाम होता. ओरड झाल्यावर कंपनीने माफी मागितली, ते बंधन काढणारं फर्मवेअर दिलं, पण तत्त्व सोडलं नाही. एचपीचे तेव्हाचे प्रमुख एन्रिके लोरेस यांनी जानेवारी २०२४ मध्ये सीएनबीसीला स्पष्टच सांगितलं: प्रिंटर घेणारं प्रत्येक गिऱ्हाईक ही कंपनीची गुंतवणूक असते, आणि ते पुरेसं छापत नसेल किंवा कंपनीची शाई वापरत नसेल तर ती गुंतवणूक वाईट ठरते. म्हणजे आपण दुकानात प्रिंटर पारखत असतो, तेव्हा कंपनीने आपली पारख आधीच केलेली असते.

सिरिंज परत येते

ज्या सिरिंजपासून ही गोष्ट सुरू झाली, तीच पुढे गिऱ्हाइकाच्या हातात आली. कार्ट्रिजचं वरचं लेबल सोलायचं, छिद्रातून सुई घालायची, शाई भरायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत हे करून देणारी दुकानं निघाली. काही जण त्याच्याही पुढे गेले. प्रिंटरच्या बाजूला शाईच्या बाटल्या ठेवायच्या आणि नळ्यांनी त्या आत जोडायच्या. आशियातल्या अनेक बाजारांत हा जुगाड इतका रुळला, की शेवटी एप्सननेच तो उचलला. ऑक्टोबर २०१० मध्ये इंडोनेशियात कंपनीने स्वतःच्या टाक्या असलेले एल१०० आणि एल२०० हे प्रिंटर आणले. यंत्र महाग, शाई स्वस्त. जुना हिशोब नेमका उलटा झाला. २०१५-१६ मध्ये कॅनन आणि एचपीही टाकीवर आल्या.

मग घरी कोणता?

आकडे उदाहरणादाखल घेऊ. कार्ट्रिजवाला प्रिंटर ४,००० रुपयांना आणि काळं पान ५ रुपयांना पडतं. टाकीवाला १२,००० रुपयांना आणि पान २० पैशांना. कागद दोन्हीकडे सारखाच. फरक ८,००० रुपयांचा, तो भरून निघायला साधारण १,६७० पानं छापावी लागतील. महिन्याला १०० पानं छापणारं घर दीड वर्षाच्या आत तिथे पोहोचेल. महिन्याला २० पानं छापणाऱ्या घराला सात वर्षं लागतील, आणि तोवर यंत्र टिकेलच असं नाही. त्यातही टाकीवाल्यांपैकी अनेकांत हेड यंत्रातच असतं, म्हणजे न छापण्याची शिक्षा त्यालाच जास्त.

कार्ट्रिज किती पानं देतं हा आकडा आयएसओच्या २४७११ क्रमांकाच्या मानकानुसार मोजतात. ही चाचणी सलग छपाईची असते. घरात मात्र आज दोन पानं, मग वीस दिवस काहीच नाही, असं चालतं. दरम्यान यंत्र छिद्रं साफ ठेवायला शाई खर्च करतं, आणि ती वाया गेलेली शाई शोषणारा पॅडही कधीतरी भरतो. तीन रंगांचं एकच कार्ट्रिज असेल तर एक रंग संपला की उरलेले दोनही बहुधा टाकून द्यावे लागतात. नव्या प्रिंटरबरोबर येणारं कार्ट्रिज पूर्ण भरलेलं आहे का, हेही दुकानदाराला विचारावं. स्कॅनरचा भाग बहुतेकदा चांगला निघतो, पण स्वस्त यंत्रांतला सेन्सर काचेला अगदी लागून असलेलंच नीट पाहतो. जाड पुस्तकाच्या शिवणीजवळची अक्षरं त्यात पुसट येतात.

थोडक्यात, शाळकरी मुलं, घरून चालणारं काम किंवा शिकवणी असेल तर टाकीवाला घ्यावा आणि आठवड्याला एक रंगीत पान तरी छापावं. अधूनमधूनच गरज पडते, पण यंत्र घरातच हवं, त्यांनी हेडसकट बदलणारं कार्ट्रिज असलेला साधा प्रिंटर घ्यावा. आधी त्या कार्ट्रिजची किंमत विचारावी, मग प्रिंटरची. आणि महिन्याला दहा-वीस पानांच्या वर ज्यांचं काम जात नाही, त्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचा हिशोबही मांडून पाहावा. तिथे प्रिंट पाच रुपयांना पडली, तरी शाई वाळण्याची काळजी त्याची असते.