राजापूर : एका विलीन लोकसभा मतदारसंघाचा निर्वाचन-इतिहास (१९५७–२००९)

मतदारसंघ ही मुळात प्रशासनाने आखलेली रेषा असते. तिला स्वभाव नसतो, स्मृती नसते. तरीही काही मतदारसंघांच्या बाबतीत दीर्घकाळात असे काही घडते, की त्या रेषेच्या आतील मतदारांची एक ओळख तयार होते आणि रेषा पुसल्यावरही ती ओळख काही काळ मागे राहते. दक्षिण कोकणातील राजापूर लोकसभा मतदारसंघ हे याचे ठळक उदाहरण होय. १९५७ मध्ये या नावाने पहिली निवडणूक झाली आणि २००८ च्या परिसीमनाने तो संपला. या जवळपास अर्धशतकात राजापूरने केवळ चार प्रतिनिधी लोकसभेत पाठविले : बॅ. नाथ पै, प्रा. मधु दंडवते, सुधीर सावंत आणि सुरेश प्रभू. त्यांतील पहिल्या दोघांनी मिळून चौतीस वर्षे ही जागा राखली.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत या भूभागाची विभागणी रत्नागिरी उत्तर व रत्नागिरी दक्षिण अशी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि १९५७ ची निवडणूक मराठी भाषकांच्या राज्याच्या मागणीवर लढली गेली. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या त्या लाटेत प्रजासमाजवादी पक्षाचे नाथ पै राजापूरमधून निवडून आले. वेंगुर्ल्यात १९२२ मध्ये जन्मलेले, लंडनला कायद्याचे शिक्षण घेतलेले आणि आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघाचे अध्यक्षपद भूषविणारे हे तरुण बॅरिस्टर त्या वर्षी निवडून आले यात फारसे आश्चर्य नाही. त्या वर्षी समितीचे अनेक उमेदवार असेच निवडून आले होते. आश्चर्य आहे ते पुढच्या निवडणुकीचे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, समितीचे प्रयोजन संपले आणि १९६२ मध्ये काँग्रेसने राज्यातील ४४ पैकी ४१ जागा जिंकल्या. नाथ पै मात्र टिकले. १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसला ४५ पैकी ४२ जागा मिळाल्या, तेव्हाही राजापूर उरलेल्या तिघांत होते. १९८४ मध्ये, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या निवडणुकीत, काँग्रेसकडे ४८ पैकी ४३ जागा गेल्या. राजापूर पुन्हा उरलेल्या पाचांत. राज्याचा कौल आणि राजापूरचा कौल यांतील ही तफावत तीनदा दिसते, तेव्हा तिला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

या तफावतीचे एक कारण आर्थिक आहे. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची सत्ता साखर कारखाना, जिल्हा बँक आणि खरेदी-विक्री संघ यांच्या जाळ्यावर उभी होती. दक्षिण कोकणात ऊस नव्हता, म्हणून ते जाळेही नव्हते. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला, पण जमिनीचे तुकडे इतके लहान, की त्यांवर कुटुंब जगणे अशक्य. घर चालत असे ते मुंबईच्या गिरणीतून, गोदीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर. ज्याची भाकरी मुंबईतून येते, त्याला तालुक्याच्या पुढाऱ्याची फारशी भीती नसते. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६, तर सिंधुदुर्गात १०७९ स्त्रिया होत्या. या आकड्यांतून दिसते की गावात उरणारा मतदार मोठ्या प्रमाणात स्त्री होता. चाकरमान्याचे मत घडे मुंबईत आणि गणपती-शिमग्याला ते गावी येई.

दुसरे कारण संख्येत मांडता येत नाही. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला मात्र तेच अधिक लक्षणीय वाटावे. हा प्रदेश ऐकणाऱ्यांचा होता. रात्रभर चालणारा दशावतार, देवळातील कीर्तन, सेवादलाची शाखा आणि वाचनालयाची व्याख्यानमाला यांनी येथील श्रोता घडविला होता. दशावतारात संहिता लिहिलेली नसते. नट आयत्या वेळी बोलतो आणि त्याच्या बोलण्याचा कस प्रेक्षक तेथल्या तेथे लावतो. अशा श्रोत्यांसमोर नाथ पै उभे राहत. त्यांच्या वक्तृत्वाची ख्याती दिल्लीत झाली, पण त्या वक्तृत्वाला लागणारा कान वेंगुर्ले-मालवण-सावंतवाडीत तयार झालेला होता, असे म्हणण्यास जागा आहे. भाषण हा येथे प्रचाराचा एक मार्ग नव्हता. उमेदवाराची परीक्षाच होती. मतदार बॅरिस्टरच्या इंग्रजीने दिपून गेला, हे स्पष्टीकरण सोपे असले तरी श्रोत्यावर अन्याय करणारे आहे.

नाथ पैंच्या संसदीय कार्यातील मध्यवर्ती घटना म्हणजे १९६७ चे घटनादुरुस्ती विधेयक. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात निर्णय दिला, की मूलभूत हक्कांचा संकोच करणारी दुरुस्ती संसदेला करता येणार नाही. लोकांनी निवडलेल्या सभागृहाला हा अधिकार असलाच पाहिजे, या भूमिकेतून नाथ पैंनी खासगी विधेयक मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, प्रदीर्घ चर्चा झाली, पण २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक मावळले. पुढे अवघ्या काही दिवसांत, १८ जानेवारी १९७१ रोजी, नाथ पै निवर्तले. सीमालढ्यातील हुतात्म्यांच्या स्मृतिदिनाच्या निमित्ताने ते बेळगावात आले असता हे घडले. त्यांनी मागितलेला अधिकार त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने संसदेला मिळाला.

त्यांच्या जागी आलेले मधु दंडवते अहमदनगरचे. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. मतदारसंघाच्या दृष्टीने ते बाहेरचे, तरीही १९७१ ते १९८९ या काळातील पाचही निवडणुका त्यांनी जिंकल्या. आणीबाणी जाहीर झाली तेव्हा ते बंगळूरमध्ये होते; तेथेच वाजपेयी व अडवाणी यांच्यासह त्यांना अटक झाली. पत्नी प्रमिला दंडवते येरवड्याच्या तुरुंगात होत्या. दंडवते कोठडीत असतानाच १९७६ मध्ये बेचाळिसावी घटनादुरुस्ती संमत झाली. नाथ पैंनी लोकशाहीच्या नावाने संसदेसाठी मागितलेला अधिकार अशा रीतीने वापरला गेला, आणि त्यांचा उत्तराधिकारी त्या वेळी गजांआड होता. नाथ पैंच्या विधेयकाचे मूल्यमापन करताना ही घटना बाजूला ठेवता येणार नाही. त्यांचा हेतू निर्विवाद होता, परंतु बहुमत स्वतःच मोकाट सुटले तर काय, या प्रश्नाला त्यांच्या मांडणीत पुरेसे उत्तर नव्हते.

याच दुरुस्तीतील एका तरतुदीचा राजापूरशी थेट संबंध आहे. लोकसंख्या-नियंत्रण करणाऱ्या राज्यांना जागांचा तोटा होऊ नये म्हणून २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जागांचे वाटप आणि मतदारसंघांची फेरआखणी गोठविण्यात आली. जनता सरकारने १९७८ मध्ये चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने आणीबाणीतील बरेच काही पुसले. ही तरतूद ठेवली. माणसे मुंबईला जात राहिली, तरी राजापूरची जागा कागदावर सुरक्षित राहिली.

१९७७ मध्ये दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली, १९७४ च्या संपात बडतर्फ झालेले कामगार परत घेतले गेले. कोकणाला मात्र रेल्वेची प्रतीक्षा होतीच. आपट्यापर्यंत आलेला रूळ रोह्यास पोचायला १९८६ उजाडले. पुढे १९८९ च्या विश्वनाथ प्रताप सिंह मंत्रिमंडळात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असा दुर्मीळ योग आला, आणि जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. पुढच्याच वर्षी दंडवते पराभूत झाले. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले.

या पराभवाला मतदारांची कृतघ्नता म्हणण्याची प्रथा आहे. ती टिकत नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडला आणि चाकरमान्याचे राजकीय घर बदलले. युनियनच्या कचेरीची जागा शिवसेनेच्या शाखेने घेतली. मुंबईत घडणारे मत गावी येत होते, तो मार्ग जुनाच होता. मजकूर नवा होता. १९९० मध्ये नारायण राणे मालवणमधून विधानसभेवर गेले, आणि १९९६ पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू राजापूरमधून चार वेळा विजयी झाले. सनदी लेखापाल, सारस्वत बँकेचे माजी अध्यक्ष असलेले प्रभू वाजपेयी मंत्रिमंडळात ऊर्जामंत्री होते. २००२ मध्ये पक्षप्रमुखांच्या इच्छेनुसार त्यांनी ते पद सोडले. नाथ पै व दंडवते यांच्या बाबतीत खासदाराचा अधिकार व्यासपीठावरून सिद्ध होत असे. आता तो पक्षाकडून मिळत होता आणि पक्षच तो परत घेऊ शकत होता.

गोठलेली आखणी शेवटी २००१ च्या जनगणनेच्या आधारे मोडली. न्या. कुलदीप सिंह यांच्या परिसीमन आयोगाने कुलाबा, रत्नागिरी व राजापूर या तीन मतदारसंघांच्या जागी रायगड आणि रत्नागिरी–सिंधुदुर्ग असे दोन केले. उरण, पनवेल, कर्जत हा भाग मावळला जोडला गेला. स्कॉटलंडच्या हायलंड प्रदेशाशी येथे साम्य आढळते. तेथेही तरुण बाहेर गेले, तेथेही मोठ्या पक्षांना न जुमानणारे खासदार निवडून येत. १९८३ मध्ये चार्ल्स केनेडी यांना पाठविणारा रॉस, क्रोमार्टी अँड स्काय मतदारसंघ १९९७ मध्ये संपला, आणि २००५ मध्ये स्कॉटलंडच्या जागा ७२ वरून ५९ झाल्या. मात्र केनेडी नव्या नावांच्या मतदारसंघांतूनही २०१५ पर्यंत निवडून येत राहिले. राजापूरच्या खासदाराला ते साधले नाही. २००९ मध्ये रत्नागिरी–सिंधुदुर्गातून सुरेश प्रभूंचा काँग्रेसच्या नीलेश राणे यांनी पराभव केला.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या मागील दशकापेक्षा घटलेली आढळली. प्रभू २०१४ मध्ये देशाचे रेल्वेमंत्री झाले, ते राज्यसभेच्या मार्गाने. राजापूर हे नाव विधानसभेच्या एका मतदारसंघापुरते उरले.