वढू बुद्रुकची दुसरी ओळख (थ्रेड)

१/ चाकण–शिक्रापूरच्या औद्योगिक पट्ट्यालगत, कोरेगाव भीमाजवळ वसलेले वढू बुद्रुक छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. वैद्यकीय संशोधनाच्या इतिहासातही या गावाचे एक पान आहे.

२/ मुळात नव्या औषधाची चाचणी कोणावर व्हावी? रोटाव्हायरसविरोधी तोंडावाटे द्यायच्या लशी श्रीमंत देशांत जितक्या प्रभावी ठरल्या, तितक्या आशिया-आफ्रिकेतील गरीब प्रदेशांत ठरल्या नाहीत. म्हणजेच ज्यांना औषध द्यायचे, त्या समाजातील माणसे चाचणीत असणे अत्यावश्यक ठरते.

३/ परंतु केवळ समावेश पुरेसा नसतो. आंध्र प्रदेशातील तत्कालीन खम्मम जिल्ह्यात २००९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा प्रकल्प सुरू झाला. वसतिगृहांत राहणाऱ्या अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या सह्या आढळल्या. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले.

४/ वढूचा पाया निराळा होता. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी या पारशी समाजातील स्त्रीरोगतज्ज्ञ. १९७० च्या दशकात त्यांनी वढू परिसरात ग्रामीण आरोग्यकार्य उभारले आणि गावातल्याच माणसांना आरोग्यसेवेचे प्रशिक्षण दिले. रुग्णालय आणि उंबरठा यांमधला दुवा गावकऱ्यांच्या ओळखीचा झाला. १९९३ मध्ये डॉ. कोयाजींना मॅगसेसे पुरस्कार लाभला.

५/ २००२ पासून तेथे २२ गावांतील जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची घरोघरी जाऊन नियमित नोंद होऊ लागली. कारखान्यांमागोमाग आलेली परप्रांतीय कामगार कुटुंबेही या नोंदींत आली. संशोधनाआधी माणसांची मोजदाद आणि त्याही आधी सेवा, असा हा क्रम होता.

६/ २०११ मध्ये ‘रोटाव्हॅक’ या भारतीय लशीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याचा हा वढू परिसर अशा तीन ठिकाणी सुरू झाली. एकूण ६,७९९ बालके तीत सहभागी होती. तीव्र रोटाव्हायरस अतिसाराचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले. २०१६ मध्ये ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आली.

७/ सहभागी व्यक्ती निरक्षर असल्यास संमतीच्या वेळी निःपक्षपाती साक्षीदार हवा, असा नियम आहे. परंतु साक्षीदार सही करतो. शंका ओळखून ती निरसणारा माणूस प्रशिक्षणानेच घडतो. वढूत तो गावातून घडवण्याची सुरुवात चाचणीच्या कितीतरी आधी झाली होती. आज या पट्ट्यात भोजपुरी, ओडिया बोलणारी कुटुंबेही राहतात. त्यांच्यातून असे प्रशिक्षित कार्यकर्ते उभे करणे, हा डॉ. कोयाजींच्या कार्याचा पुढचा टप्पा ठरेल.