पिंगुळीचे चित्रकथी

आंबोलीच्या आणि रामघाटाच्या वाटा सह्याद्रीवरून ज्या मुलखात उतरतात, तो पूर्वीच्या सावंतवाडी संस्थानाचा मुलूख धनधान्याच्या दृष्टीने कधीच संपन्न नव्हता. भाताची अरुंद खाचरे, जांभ्याचे उघडे सडे, माडापोफळींच्या बागा आणि पूर्वेला अखंड उभी असलेली डोंगराची रांग एवढीच त्याची दौलत. परंतु याच मुलखाने दशावतारासारखे लोकनाट्य जोपासले, लाखेच्या रंगकामाला आश्रय दिला आणि चित्र, काव्य व संगीत या तिघांना एका बैठकीत बसवणारी चित्रकथेची परंपरा आपल्या देवळांतून नांदवली. या परंपरेचे आजचे घर म्हणजे कुडाळजवळचे पिंगुळी हे गाव आणि त्यातही गुढीपूर ही ठाकरांची वाडी.

रायगड, ठाणे व नगर या बाजूंचे ठाकर प्रामुख्याने रानाच्या आणि शेतीच्या आधारे जगणारे. दक्षिण कोकणातील ठाकरांनी मात्र कथन, वादन आणि बाहुल्यांचा खेळ यांनाच आपली वृत्ती मानले. चित्रकथीबरोबर कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ, पांगूळ, राधानाच, गोंधळ अशा अनेक कला एकाच समाजात, पुष्कळदा एकाच घरात, वंशपरंपरेने चालत आल्या. शिवकाळात फिरस्तीच्या निमित्ताने गावोगाव जाणाऱ्या ठाकरांनी हेरगिरीचे कामही केले, असे या समाजात अभिमानाने सांगितले जाते. त्याला कागदाचा पुरावा मागण्यापेक्षा, गावाच्या वेशीवर ज्याला कोणी अडवत नाही अशा कथेकऱ्याचे समाजातील स्थान त्यातून उमगते, हे मला अधिक मोलाचे वाटते.

चित्रे दाखवून कथा सांगण्याची प्रथा या भागात किती जुनी आहे, याचा अंदाज ग्रंथांवरून येतो. कल्याणीच्या चालुक्य कुळातील तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात चित्रांच्या आधारे कथन करणाऱ्या कलावंताची दखल घेतलेली आहे, आणि ज्ञानेश्वरीत सूत्राच्या ओढीने हलणाऱ्या बाहुलीचा दृष्टान्त येतो. दृष्टान्त द्यायचा तो श्रोत्यांच्या रोजच्या पाहण्यातल्या वस्तूचा, हे ध्यानात घेतले म्हणजे तेराव्या शतकातील मराठी माणसाला बाहुल्यांचा खेळ किती परिचित होता, हे वेगळे सांगावे लागत नाही. घाटमाथ्यावरील कर्नाटकाशी असलेले नातेही लपत नाही. पिंगुळीच्या चित्रांतील एका बाजूने रेखाटलेले चेहरे, चेहऱ्याच्या मानाने प्रचंड वाटोळे डोळे, वस्त्रांवरील दाट नक्षी आणि ताठर, आवेशपूर्ण अंगविक्षेप पाहिले की कन्नड मुलखातील चामड्याच्या बाहुल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. ज्या घाटवाटांनी व्यापाऱ्यांचे बैल वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरत, त्याच वाटांनी या रूपांचीही ये-जा झाली असली पाहिजे.

चित्रकथ्याची पोथी म्हणजे बांधलेला ग्रंथ नव्हे. एका आख्यानाची सुटी चित्रे क्रमाने रचून कापडात गुंडाळलेली असतात. चित्र सुमारे एक फूट उंच व त्याहून थोडे अधिक रुंद असते, आणि दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असल्यामुळे एकाच जाड पानाच्या दोन्ही अंगांना कथा नांदते. इंद्रजिताचा वध, अहिरावण-महिरावण, बभ्रुवाहनाने अर्जुनाशी केलेले युद्ध अशी ही आख्याने रामायण, महाभारत आणि पुराणे यांतून आलेली आहेत. युद्धाचे एखादे चित्र घ्यावे. दोन रथ समोरासमोर उभे आहेत, धनुष्ये ताणलेली आहेत आणि मधल्या मोकळ्या जागेत दोन्हीकडचे बाण टोकाला टोक लावून अधांतरी थांबले आहेत. तांबडा, पिवळा, निळा आणि काजळासारखा काळा एवढ्या मोजक्या रंगांत रणाचा सारा कोलाहल बसवलेला आहे. चित्रकाराने जाणूनबुजून क्षण अपुरा ठेवला आहे, कारण तो पुरा करण्याची जबाबदारी गाणाऱ्याची आहे.

देवळाच्या सभामंडपात दिवा लागला, गणपती व सरस्वती यांचे स्तवन झाले, की मुख्य कथेकरी पोथी उलगडून पहिले चित्र पुढ्यात उभे धरतो. वीणा स्वर धरून असते, टाळ लय सांभाळतात, आणि खांद्याला अडकवलेल्या हुडुकाचा पट्टा आवळताच त्याचा नाद चढतो, सैल सोडताच उतरतो; रामाचा विलाप आणि राक्षसाची गर्जना या दोहोंना हे एकच वाद्य पुरते. पद्य गाऊन झाले की गद्य निरूपण सुरू होते, आणि त्या निरूपणात पुराणातील संस्कृत शब्दांच्या शेजारी कुडाळी बोलीतील घरगुती वाक्ये कोणताही संकोच न बाळगता येऊन बसतात. कथेकऱ्याचे बोट चित्रातील व्यक्तीवर टेकते, तिचे नाव उच्चारले जाते, आणि प्रसंग संपताच पान फिरवले जाते. हे निरूपण कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. बापाच्या मागे टाळ घेऊन बसलेल्या मुलाने ते वर्षानुवर्षे कानांनी उचलायचे असते, आणि म्हणूनच त्या घरातील एक पिढी मुंबईला गेली की नुसता हात आणि गळाच नव्हे, आख्यानच्या आख्यान गावातून नाहीसे होते.

ही कला इतका काळ टिकली ती कशाच्या बळावर, हा प्रश्न मला या इतिहासातील मुख्य प्रश्न वाटतो. लोकांची आवड हे त्याचे सोपे उत्तर आहे, पण ते अपुरे आहे. सावंतवाडीच्या सावंत-भोसले घराण्याने ठाकरांना आश्रय दिला तो दरबारी करमणुकीपुरता नव्हता. कोणत्या घराने कोणत्या गावच्या देवळात कथा लावायची, हे वाटून दिलेले होते, आणि नवरात्र-जत्रांच्या दिवसांत देवापुढे कथा होणे हा त्या देवस्थानच्या मामूल दस्तुराचा भाग झाला होता. कथेकऱ्याला तेथे मान होता, आणि तो मान याचना करून मिळालेला नव्हता. ज्याप्रमाणे पुजाऱ्याची पाळी आणि मानकऱ्याचा नारळ, त्याप्रमाणे ठाकराची कथा. गावाला ती रुचो वा न रुचो, देवाचे कार्य म्हणून ती व्हायचीच. कलावंताला दर वर्षी नव्याने गिऱ्हाईक शोधावे लागत नसल्यामुळेच त्याला मुलाच्या शिक्षणाकडे आणि पोथीच्या निगेकडे लक्ष देता आले.

या व्यवस्थेचा पाया हळूहळू खचला. १८१९ मध्ये सावंतवाडीने इंग्रजांशी तह केला, १८३८ साली कंपनी सरकारने संस्थानचा कारभार आपल्याकडे घेतला, आणि पुढे राजे गादीवर असले तरी राज्याची सूत्रे बऱ्याच अंशी परक्यांच्या सल्ल्याने हलू लागली. तरीही देवळांचे दस्तूर चालू राहिले, आणि १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत आश्रयाची सावली अगदीच विरली नव्हती. त्यानंतर मात्र घरटी माणूस चाकरीसाठी मुंबईला जाऊ लागलेल्या या प्रदेशात रात्रभर कथा ऐकणारा श्रोता कमी झाला. जत्रेला आलेल्या चाकरमान्यांना वेशभूषा, संग्राम आणि पेटीमृदंगाने गजबजलेला दशावतार अधिक मोहवू लागला, आणि चित्रकथ्याच्या वाट्याला संध्याकाळचा एखादा तास उरला.

याच काळात पोथ्या घरांतून बाहेर पडल्या. पूर्वी जीर्ण झालेली चित्रे देवस्वरूप मानून पाण्यात विसर्जित करीत. आता ती संग्राहकांकडे जाऊ लागली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील समृद्ध संग्रह हे या चित्रांचे फार मोठे संरक्षण आहे, आणि त्याबद्दल महाराष्ट्राने केळकरांचे ऋणी राहिले पाहिजे. या शैलीच्या चित्रांना अभ्यासकांत दीर्घकाळ पैठणची चित्रे म्हणून ओळखले गेले. पुढील संशोधनाने त्यांचा पिंगुळीच्या जिवंत परंपरेशी असलेला संबंध उलगडला, तेव्हा कुठे चित्रांमागील कथेकऱ्यांकडे विद्वानांची दृष्टी वळली. पण काचेच्या चौकटीत चित्र लावले की त्याची दुसरी बाजू भिंतीकडे होते. पाठीला पाठ लावलेल्या दोन प्रसंगांपैकी एक कायमचा झाकला जातो आणि क्रम तुटतो. जे हातात फिरवून, गाऊन दाखवायचे होते, ते केवळ निरखून पाहायची वस्तू बनते. हा दोष संग्राहकांचा नाही, परंतु चित्र वाचले म्हणजे चित्रकथा वाचली, असे समाधान मानणाऱ्या आपल्या सर्वांचा आहे.

गुढीपूरच्या ठाकरांनी स्वतः केलेला प्रयत्न मला म्हणूनच अधिक मोठा वाटतो. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे रूपांतर करून तेथे ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभारले. तेथे बाहुल्या व चित्रे मांडलेली आहेत, आणि त्याच घराण्याचे लोक येणाऱ्याला बाहुल्या नाचवून आणि कथा सांगून दाखवतात. २०२१ साली भारत सरकारने गंगावणे यांना पद्मश्री देऊन या कार्याचा गौरव केला. नव्या पिढीतील मुले आज कागदावर व कापडावर सुटी चित्रे काढून विकतात, त्यातून चार पैसे मिळतात, आणि ते मिळालेच पाहिजेत. परंतु सुट्या चित्राला हुडुक लागत नाही, निरूपण लागत नाही, श्रोताही लागत नाही. संग्रहालयांतील जुन्या पोथ्यांच्या दोन्ही अंगांच्या प्रतिकृती क्रमवार काढून त्या ठाकरांच्या घरांना परत द्याव्यात, ज्या वृद्धांना आख्याने मुखोद्गत आहेत त्यांच्यासमोर त्या ठेवून संपूर्ण कथन ध्वनिमुद्रित करावे, आणि सिंधुदुर्गातील ज्या देवस्थानांत पूर्वी ठाकरांचा मान होता, त्यांनी नवरात्रातील एक रात्र पुन्हा त्यांच्या स्वाधीन करावी. यासाठी लागणारा खर्च एखाद्या जत्रेच्या मंडपाहून अधिक नाही, आणि आज ज्यांना आख्याने येतात त्यांच्या हयातीतच तो करता येण्याजोगा आहे.